होकाराचे दहा दिवस : अमेरिकेतील लष्करी हवाई टपाल, १९३४

या प्रकरणाविषयी

९ फेब्रुवारी १९३४ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी खासगी विमान कंपन्यांकडे असलेली देशांतर्गत हवाई टपालाची सर्व कंत्राटे रद्द केली आणि १९ फेब्रुवारीपासून हे काम लष्कराच्या विमानदलाने करावे असा आदेश काढला. हे दल त्या काळी आर्मी एअर कोअर या नावाने ओळखले जात असे. तयारीची उड्डाणे धरून या मोहिमेत ६६ मोठे अपघात झाले आणि १३ जणांचा जीव गेला. त्यांपैकी प्रत्यक्ष टपाल घेऊन उडत असताना गेलेले फक्त पाच होते. बाकीचे सराव करताना, मार्गाची ओळख करून घेताना किंवा विमान आणायला जाताना गेले.

अपघातांच्या इतिहासात हे प्रकरण बहुधा कंत्राटांचा घोटाळा, राष्ट्राध्यक्षांची घाई आणि विमान कंपन्यांचे राजकारण या अंगांनी सांगितले जाते. येथे मी एकाच धाग्यावर लक्ष ठेवणार आहे : उडायचे की नाही हे कोणी ठरवले आणि कशाच्या आधारावर. निर्णय घेणाऱ्यांची नावे सार्वजनिक नोंदीतली असल्यामुळे दिली आहेत. मृत वैमानिकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण त्यांच्या हाती निर्णय जवळजवळ नव्हताच.

पार्श्वभूमी

अमेरिकेत नियमित हवाई टपाल १५ मे १९१८ रोजी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या मार्गावर सुरू झाले आणि तेव्हाही विमाने व वैमानिक लष्कराचेच होते. वॉशिंग्टनहून निघालेला पहिला वैमानिक उलट्या दिशेला गेला आणि मेरीलँडमधल्या एका शेतात उतरला. त्याच्याकडे नकाशाखेरीज फारसे काही नव्हते, ही गोष्ट लक्षात घेतली तर त्याला दोष देण्याचे मन होत नाही. ऑगस्टमध्ये टपाल खात्याने स्वतःची विमाने आणि स्वतःचे वैमानिक घेऊन काम हाती घेतले.

टपाल खात्यातली हवाई सेवा ओटो प्रेगर नावाचे अधिकारी वॉशिंग्टनमधून चालवत आणि वेळापत्रक पाळलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्क मैदानावर दाट धुके असताना दोन वैमानिकांनी उडण्यास नकार दिला, तेव्हा प्रेगर यांनी त्यांना कामावरून काढले. बाकीच्या वैमानिकांनी काम बंद केले. वर्तमानपत्रांनी वैमानिकांची बाजू उचलून धरली आणि काही दिवसांतच तडजोड झाली : हवामानाचा निर्णय यापुढे वॉशिंग्टनमध्ये न होता त्या त्या मैदानावरच्या अधिकाऱ्याने घ्यायचा. वैमानिकांच्या या संपाला विमानवाहतुकीच्या इतिहासात जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असे मला वाटते. पंधरा वर्षांनी जे घडले ते समजायला याच्याइतकी उपयोगी दुसरी घटना नाही.

टपाल रेल्वेपेक्षा वेगाने न्यायचे तर रात्री उडण्याला पर्याय नव्हता, कारण व्यापारी पत्रे संध्याकाळी टपालात पडत आणि सकाळी हातात हवी असत. २२ फेब्रुवारी १९२१ च्या रात्री जॅक नाइट या वैमानिकाने नॉर्थ प्लॅटहून ओमाहा आणि तिथून शिकागोपर्यंत टपाल नेले, तेव्हा वाटेतल्या गावकऱ्यांनी पेटवलेल्या शेकोट्या हीच त्याची खूण होती. पुढच्या तीन वर्षांत शेकोट्यांच्या जागी साधारण दर दहा मैलांवर फिरत्या दिव्यांचे मनोरे आले आणि १ जुलै १९२४ पासून देशाच्या आरपार रात्रीची नियमित सेवा सुरू झाली. १९२५ च्या कायद्याने ही सेवा खासगी कंपन्यांना कंत्राटाने देण्याचा मार्ग मोकळा झाला.

दिव्यांच्या पाठोपाठ रेडिओ आला, आणि या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. जमिनीवरचे एक केंद्र दोन समोरासमोरच्या दिशांना मोर्स लिपीतले ‘ए’ अक्षर, म्हणजे एक आखूड आणि एक लांब ठोका, प्रसारित करी आणि उरलेल्या दोन दिशांना ‘एन’, म्हणजे आधी लांब आणि मग आखूड ठोका. दोन्ही पट्टे जिथे एकमेकांत मिसळत तिथे ठोके जुळून एकसलग गुणगुण ऐकू येई आणि ती गुणगुण म्हणजेच हवाई रस्ता. ढगात शिरलेल्या वैमानिकाला बाहेरचे काहीच दिसत नसे. कानाला लावलेल्या यंत्रात गुणगुण फुटून ‘ए’ ऐकू येऊ लागला की आपण एका बाजूला सरकलो, ‘एन’ आला की दुसऱ्या बाजूला, हे त्याला कळे. त्याच वेळी विमान सरळ आहे की कलले आहे, हे शरीराला नीट कळत नसल्यामुळे विमानाचा कल दाखवणारे कृत्रिम क्षितिज आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते दाखवणारा दिशादर्शक जायरो या उपकरणांवर डोळे ठेवावे लागत. अंगाला जे जाणवते ते बाजूला ठेवून काट्यांवर विश्वास ठेवणे हे कसब वाचून येत नाही. त्यासाठी बंद कॉकपिटमध्ये कित्येक तास घासावे लागते.

१९३४ पर्यंत मोठ्या कंपन्यांचे वैमानिक हे कसब कमावून बसले होते. त्यांच्या विमानांत दोन्ही बाजूंनी बोलता येणारा रेडिओ होता आणि जमिनीवर हवामानाची बातमी देणारी माणसे होती. विशेष म्हणजे केवळ उपकरणांवर उड्डाण करून सुखरूप उतरण्याचा पहिला पूर्ण प्रयोग २४ सप्टेंबर १९२९ रोजी लष्कराच्याच एका अधिकाऱ्याने, जिमी डूलिटल यांनी, लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्डवर केला होता. विद्या लष्कराला ठाऊक होती, पण ती दलात मुरलेली नव्हती.

कंत्राटांचे राजकारण थोडक्यात सांगण्याजोगे आहे. १९३० च्या कायद्याने पोस्टमास्टर जनरलना, म्हणजे टपाल खात्याच्या प्रमुखांना, व्यापक अधिकार मिळाले आणि त्या पदावर असलेल्या वॉल्टर फोल्जर ब्राउन यांनी मे-जून १९३० मध्ये मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांना बोलावून मार्गांची वाटणी केली. लहान कंपन्या बाहेर राहिल्या. पुढे वर्तमानपत्रांनी या बैठकांना लुटीच्या वाटपाची बैठक म्हटले. सरकार बदलल्यावर सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांच्या समितीने हे सगळे उजेडात आणले आणि नव्या सरकारला काहीतरी करणे भाग पडले.

समस्या

नवे पोस्टमास्टर जनरल जेम्स फार्ली यांचे मत असे होते की कंत्राटे रद्द करावीत, पण १ जूनपासून, म्हणजे तोपर्यंत नव्या निविदा मागवता येतील आणि सेवा खंडित होणार नाही. हे मत मानले गेले नाही. कंत्राटे गैरमार्गाने दिली असतील तर ती एक दिवसही का चालू ठेवायची, असा राष्ट्राध्यक्षांचा विचार होता आणि नैतिक दृष्टीने त्यात चूक काढणे कठीण आहे.

९ फेब्रुवारीच्या सकाळी टपाल खात्यातले अधिकारी हार्ली ब्रँच यांनी एअर कोअरचे प्रमुख मेजर जनरल बेंजामिन फुलॉय यांना बोलावून घेतले. कंत्राटे रद्द झाली तर लष्कर टपाल नेऊ शकेल का, असा प्रश्न होता. फुलॉय यांनी होकार दिला आणि तयारीला आठवडा ते दहा दिवस लागतील असे सांगितले. ही केवळ प्राथमिक चर्चा आहे अशी त्यांची समजूत होती. त्याच दिवशी आदेश निघाला. लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांच्याशीही आधी सल्लामसलत झालेली नव्हती.

त्याच दिवशी, ९ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्ये तापमान उणे २६ अंश सेल्सियसपर्यंत उतरले. त्या शहराच्या नोंदीतला तो आजवरचा सर्वांत थंड दिवस आहे. हवामानाने दिलेली सूचना याहून स्पष्ट असू शकत नव्हती, पण त्या बैठकीत हवामान हा विषयच नव्हता.

दलाकडे काय होते? कामासाठी सुरुवातीला २६२ वैमानिक निवडले गेले. त्यांतले १४० राखीव दलातले कनिष्ठ अधिकारी होते आणि त्यांचा उड्डाणाचा अनुभव दोन वर्षांपेक्षा कमी होता. खराब हवेत किमान २५ तास उडालेले ४८ होते, रात्री ५० तास किंवा अधिक उडालेले ३१, आणि केवळ उपकरणांवर ५० तास उडालेले अवघे दोन. सर्वांत अनुभवी वैमानिक प्रशिक्षण शाळांमध्ये शिकवत होते आणि त्यांना तिथून न काढण्याचा निर्णय झाला होता. शांततेच्या काळातल्या तुटपुंज्या तरतुदीत लष्करी उड्डाण बहुतेक दिवसा आणि स्वच्छ हवेतच चाले.

उपकरणांची गोष्ट अधिक बोचणारी आहे. दलाच्या मालकीची २७४ दिशादर्शक जायरो आणि ४६० कृत्रिम क्षितिजे होती, पण त्यांतली फारच थोडी विमानांत बसवलेली होती. रेडिओसंच १७२ होते आणि जवळजवळ सगळ्यांचा पल्ला तीस मैलांच्या आत होता. म्हणजे दोन केंद्रांच्या मधल्या अंतरात वैमानिक बहुतेक वेळ एकटा असणार होता.

विमाने लढण्यासाठी बांधलेली होती. बोइंगचे पी-१२ हे उघड्या कॉकपिटचे एकआसनी लढाऊ विमान फार तर ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो टपाल नेऊ शके आणि तेवढ्यानेही त्याची शेपटी जड होई. ज्या विमानाचा तोल मुळातच चपळ वळणांसाठी बेतलेला आहे ते बर्फाच्या वादळात, रात्री, मागून जड करून चालवायचे, असा याचा अर्थ होता.

समोरचे पर्याय

आज मागे वळून पाहताना सरकारपुढे चार वाटा दिसतात. पहिली फार्ली यांची : जूनपर्यंत जुन्या कंपन्यांकडून काम करून घ्यायचे आणि मधल्या काळात निविदा काढायच्या. तिचा तोटा राजकीय होता. ज्यांच्यावर संगनमताचा आरोप आहे त्यांनाच आणखी चार महिने पैसे द्यावे लागले असते. दुसरी वाट कंत्राटे लगेच रद्द करून तातडीची पत्रे तेवढा काळ रेल्वेच्या टपाल डब्यांतून पाठवण्याची होती. रेल्वेची टपालव्यवस्था भक्कम होती आणि पत्र एखादा दिवस उशिरा पोहोचले असते. या वाटेचा गंभीर विचार झाल्याचे दिसत नाही, कारण तसे करणे म्हणजे हवाई टपाल बंद पडल्याची कबुली ठरली असती.

तिसरी वाट लष्कराला काम द्यायचे, पण दिवसा, स्वच्छ हवेत आणि मोजक्या मार्गांवर, ही होती. चौथी वाट प्रत्यक्षात निवडली गेली : चालू वेळापत्रक शक्य तितके तसेच ठेवून, रात्रीच्या उड्डाणांसह, दहा दिवसांत काम सुरू करणे.

फुलॉय यांच्यापुढेही पर्याय होते. त्यांनी आदेश नाकारावा अशी अपेक्षा करता येत नाही. ते सैनिक होते. पण होकार देताना ‘इतके वैमानिक, इतकी उपकरणे, इतके आठवडे सराव’ असा हिशेब ते समोर मांडू शकले असते. त्यांनी तो का मांडला नाही, याचे एक कारण सहज समजते. एअर कोअर कित्येक वर्षे निधीसाठी आणि स्वतंत्र स्थानासाठी झगडत होते, आणि देशासमोर आपली उपयुक्तता सिद्ध करण्याची अशी संधी पुन्हा आली नसती. ज्याला स्वतःचे खाते मोठे करायचे आहे अशा माणसाला ‘जमेल का’ असे विचारले की उत्तर बहुधा ठरलेलेच असते. माझ्या मते प्रश्न विचारणाऱ्याने हे ओळखायला हवे होते.

आदेशाच्या शब्दांत आणखी एक निर्णय लपलेला होता. लष्कराने विमाने, मैदाने आणि वैमानिक पोस्टमास्टर जनरलच्या हाती द्यायचे आणि मार्ग व वेळापत्रक पोस्टमास्टर जनरलनी ठरवायचे, असे त्यात म्हटले होते. १९१९ च्या संपाने जो अधिकार वॉशिंग्टनमधून काढून मैदानावर आणला होता, त्याचा मोठा भाग या एका वाक्याने परत वॉशिंग्टनला गेला.

प्रत्यक्षात काय घडले

ब्रिगेडियर जनरल ऑस्कर वेस्टोव्हर यांना मोहिमेचे प्रमुख नेमले गेले आणि देशाचे तीन विभाग केले गेले. पूर्व विभाग मेजर बायरन जोन्स, मध्य विभाग लेफ्टनंट कर्नल होरेस हिकम आणि पश्चिम विभाग लेफ्टनंट कर्नल हेन्री आर्नॉल्ड यांच्याकडे आला. १२२ विमानांमध्ये उपकरणे बसवण्याचा आदेश निघाला. ज्या यांत्रिकांनी ही उपकरणे कधी हाताळली नव्हती त्यांनी ती जागा मिळेल तिथे बसवली, आणि ज्यांनी त्यांवर कधी उड्डाण केले नव्हते त्यांच्या हाती ती विमाने आली. काटा डोळ्यांसमोर नसला तर ढगात एकेक सेकंद मान वळवून पाहावे लागते, आणि नेमक्या त्याच सेकंदात विमान कलते.

१६ फेब्रुवारीला, सेवा सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, मार्गाची ओळख करून घेताना यूटा आणि आयडाहो या राज्यांत दोन विमाने बर्फाळ हवेत कोसळली आणि तीन तरुण लेफ्टनंट गेले. पहिल्या महायुद्धातले नावाजलेले वैमानिक आणि तेव्हा एका विमान कंपनीचे अधिकारी असलेले एडी रिकनबॅकर यांनी याला कायदेशीर खून म्हटले. त्यांचा हितसंबंध उघड होता. तरीही ही तीन माणसे हा एक निर्णयबिंदू होता, असे मी मानतो. सेवा अजून सुरू व्हायची होती, कोणतेही पत्र अडकले नव्हते, आणि तारीख पुढे ढकलायला केवळ एक सही पुरली असती. तारीख ढकलली गेली नाही.

१८ फेब्रुवारीच्या रात्री रिकनबॅकर आणि टीडब्ल्यूए या विमान कंपनीतले जॅक फ्राय यांनी डग्लस कंपनीचे नवे डीसी-१ विमान घेऊन कॅलिफोर्नियातल्या बरबँकहून कंत्राटी टपालाची शेवटची खेप उचलली आणि सुमारे तेरा तासांत न्यूअर्कला पोहोचवली. ते येणाऱ्या हिमवादळाच्या थोडेसे पुढे राहिले. त्याच वादळामुळे १९ फेब्रुवारीला लष्कराची ईशान्येकडची उड्डाणे रद्द करावी लागली.

२२ फेब्रुवारीच्या पहाटे शिकागोहून क्लीव्हलंडकडे निघालेला एक लेफ्टनंट ओहायोतल्या डेश्लर गावाजवळ झाडीत कोसळून गेला. धुके होते, रेडिओ चालत नव्हता आणि तो मार्गापासून बराच बाजूला गेला होता. अवशेषांपासून दूर टपालाच्या पिशव्या सापडल्या. शेवटच्या काही मिनिटांत त्याने त्या बाहेर टाकल्या होत्या. बरोबर तेरा वर्षांपूर्वी याच तारखेच्या रात्री जॅक नाइटला शेकोट्यांनी वाट दाखवली होती. डेश्लरजवळच्या वैमानिकाच्या खाली दिव्यांचे मनोरे होते आणि कानाशी गुणगुण असायला हवी होती, पण धुक्याने दिवे झाकले आणि बिघडलेल्या संचाने गुणगुण.

दुसऱ्या दिवशी विमाने आणायला निघालेल्या वैमानिकांना घेऊन जाणारे एक जलस्थल विमान न्यूयॉर्कजवळ रॉकअवे किनाऱ्यापाशी खवळलेल्या समुद्रात उतरले आणि त्यातला एक जण बुडाला. सेवा चालू झाल्यावर प्रश्न केवळ टपालाच्या विमानांचा राहिला नव्हता. घाईने माणसे आणि विमाने इकडून तिकडे हलवणे हेच एक वेगळे संकट झाले होते. सुरुवातीचे काही आठवडे संसदेने दैनिक भत्ता मंजूर केलेला नसल्यामुळे घरापासून दूर नेमलेले वैमानिक आणि यांत्रिक पदरच्या पैशाने राहत होते आणि कित्येक जण गारठलेल्या हँगरमध्येच झोपत होते. अपघातांच्या कारणांत थकव्याची नोंद सहसा होत नाही. येथे तो धरायलाच हवा.

या साऱ्याला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकणे बरोबर होणार नाही. २३ फेब्रुवारीलाच एका मोठ्या खासगी कंपनीचे बोइंग २४७ प्रवासी विमान सॉल्ट लेक सिटीजवळ डोंगरात कोसळून आठ जण मृत्युमुखी पडले. उत्तम उपकरणे आणि मुरलेले वैमानिक असूनही तो हिवाळा कोणालाच सोडत नव्हता. मात्र यातून निघणारा अर्थ लष्कराच्या बचावाचा नाही. ज्या हवेत तयार माणसे हरत होती त्याच हवेत अर्धवट तयारीची माणसे पाठवली जात होती.

९ मार्चला एकाच दिवशी चार जण गेले : ओहायोत बर्फाच्या वादळात एक, वायोमिंगमधल्या शायेनला दोन आणि फ्लोरिडातल्या डेटोना बीचला एक. दुसऱ्या दिवशी रूझवेल्ट यांनी मॅकआर्थर आणि फुलॉय यांना बोलावून हवाई टपालाचे हे मृत्यू कधी थांबणार असे विचारले. विमाने उडायची थांबतील तेव्हाच, असे उत्तर आपण दिल्याचे फुलॉय यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. त्याच दिवशी युद्धमंत्र्यांना राष्ट्राध्यक्षांचे पत्र गेले. फुलॉय यांनी सर्व टपाल उड्डाणे थांबवली आणि १९ मार्चपर्यंत सेवा बंद राहिली. या खंडातही सराव चालू होता आणि १७ मार्चला शायेन येथे आणखी एक जण गेला.

सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा मार्ग आणि फेऱ्या कमी केल्या होत्या, खराब हवेतल्या आणि रात्रीच्या उड्डाणांवर बंधने होती, किमान दोन वर्षांचा अनुभव असलेलेच वैमानिक नेमायचे होते आणि उपकरणे चालू असल्याची खात्री करण्याची जबाबदारी मैदानावरच्या नियंत्रण अधिकाऱ्यावर होती. ऋतूही बदलत होता. त्यानंतर ३० मार्च आणि ५ एप्रिल रोजी प्रत्येकी एक मृत्यू झाला आणि पुढे एकही नाही.

परिणाम

मे महिन्यात तात्पुरत्या कंत्राटांवर कंपन्या परत येऊ लागल्या आणि १ जूनला लष्कराची शेवटची खेप झाली. कामाच्या ७८ दिवसांत दलाने ७,७७,३८९ पौंड टपाल वाहिले आणि १५,९०,१५५ मैल अंतर कापले. ठरवलेल्या उड्डाणांपैकी ६५.८३ टक्के पूर्ण झाली. खर्च सुमारे ३८ लाख डॉलर झाला.

१९३० च्या बैठकीला हजर असलेल्या कंपन्यांना नव्या निविदा भरण्यास मनाई होती, म्हणून त्यांनी नावे थोडी बदलली. अमेरिकन एअरवेजचे अमेरिकन एअरलाइन्स झाले, ईस्टर्न एअर ट्रान्सपोर्टचे ईस्टर्न एअर लाइन्स. म्हणजे ज्यांना हटवण्यासाठी एवढी घाई केली त्यांतले बहुतेक चार महिन्यांत परत आले. १२ जून १९३४ च्या कायद्याने मात्र विमाने बांधणाऱ्या आणि विमाने चालवणाऱ्या कंपन्या एकमेकींपासून वेगळ्या केल्या, आणि हा बदल टिकला.

लष्करात हादरा खोलवर गेला. माजी युद्धमंत्री न्यूटन बेकर यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने जुलैमध्ये अहवाल दिला आणि रात्रीच्या व उपकरणांवरच्या उड्डाणाचे प्रशिक्षण वाढवण्यास सांगितले. त्याच सुमारास ऑर्गन बनवणाऱ्या घराण्यातला एड लिंक नावाचा माणूस जमिनीवर बसून उपकरणांवर उडायला शिकवणारे एक यंत्र विकण्याच्या धडपडीत होता. ऑर्गनमधल्या भात्यांवर चालणारी ती एक बुटकी, बंद डब्यासारखी विमानाची प्रतिकृती होती. लष्करी अधिकाऱ्यांना भेटण्यासाठी तो धुक्यातून स्वतः विमान चालवत न्यूअर्कला उतरला. असल्या हवेत कोणी येणार नाही असे समजून अधिकारी परत निघण्याच्या बेतात होते. एअर कोअरने जून १९३४ मध्ये अशी सहा यंत्रे प्रत्येकी ३,५०० डॉलरना घेतली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त दुरुस्ती कोठारात पडून होती. २७४ जायरो आणि ४६० क्षितिजे विमानांत नीट बसवायला आणि त्यांवर प्रत्येक वैमानिकाला थोडे तास घालवायला किती काळ लागेल, हा प्रश्न ९ फेब्रुवारीला विचारला गेला असता तर ‘दहा दिवस’ हे उत्तर कोणी दिलेच नसते. प्रशिक्षण शाळांतले अनुभवी वैमानिक काही आठवड्यांसाठी काढून रात्रीच्या मार्गांवर नेमता आले असते. हा निर्णय एअर कोअरच्या हातातला होता आणि तो चुकला, असे स्पष्ट म्हणावे लागते.

कामाची व्याप्ती साधनांप्रमाणे ठेवता येते याचे उदाहरण त्याच काळात आपल्याकडे होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, तेव्हा विमान एका इंजिनाचे होते, रेडिओ नव्हता, आणि म्हणून उड्डाण दिवसाच होत असे. मद्रासच्या वाटेवर बळ्ळारीला रात्रीचा मुक्काम असे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई तेव्हा विमाने पुण्याहून सुटत. मार्ग लहान होता आणि हिमवादळे नव्हती, त्यामुळे थेट तुलना करणार नाही. पण जे जमत नाही ते वेळापत्रकातच घालायचे नाही, ही शिस्त तिथे पहिल्या दिवसापासून होती.

१० मार्चच्या पत्रात रूझवेल्ट यांनी युद्धमंत्र्यांना लिहिले होते की ज्या मार्गांवर, ज्या हवामानात आणि ज्या साधनांनिशी व माणसांनिशी, शक्य तितक्या काळजीने, प्राणघातक अपघात वारंवार होणार नाहीत तेवढेच टपाल न्यावे आणि बाकीचे थांबवावे. हे वाक्य ९ फेब्रुवारीच्या आदेशाच्या शेवटी जोडता आले असते. त्यासाठी कोणतीही नवी माहिती लागणार नव्हती. वैमानिकांच्या नोंदवह्या, कोठाराच्या याद्या आणि त्या दिवसाचे तापमान वॉशिंग्टनमध्ये उपलब्ध होते. त्या अटीमुळे बरीच पत्रे रेल्वेने गेली असती. अट नसतानाही ठरलेल्या उड्डाणांपैकी तिसरा हिस्सा पूर्ण झालाच नाही.